हातचा एक

"सात आणि पाच बारा. बाराचे दोन, हातचा एक."

मराठी शाळांमधून हे वाक्य इतक्या पिढ्यांनी घोकलंय की त्यातला शब्द आता कानाला जाणवतही नाही. हातचा, म्हणजे हातात राहिलेला. दुसरीतल्या मुलाला विचारून बघा, तो हातचा एक आहे कुठे? ते वहीत संख्येच्या डोक्यावर काढलेला बारका १ दाखवेल. हा एक म्हणजे किती, असं पुढे विचारलं तर बहुतेक मुलं जरा चकित होऊन सांगतात, "एक." त्यांना प्रश्नच वेडगळ वाटतो. एखादंच मूल "दहा" म्हणतं, आणि त्या मुलाची पुढच्या दोन वर्षांची गणिताची वाट बरीच सोपी झालेली असते.

त्या एकातला दहा मुलाच्या खरोखर हातात यावा यासाठी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे दहा काड्यांचा गठ्ठा बांधणं आणि सोडणं. यात नवीन काही नाही. पुस्तकात गठ्ठ्याचं चित्र असतं, शाळेच्या कपाटात काड्याही असतात. तरीही मुलं ४३ मधून १७ वजा करून ३४ लिहितात. तीनातून सात जात नाहीत ना, मग सातातून तीन काढून मोकळी होतात. गठ्ठ्याचं चित्र पाहिलेलं मूल ३४ लिहितं, गठ्ठा स्वतः सोडलेलं मूल २६ लिहितं. एवढाच फरक, पण तो पडायचा तर काड्या कपाटातून बाहेर याव्या लागतात, आणि बाहेर आल्यावर बऱ्याच बारीकसारीक गोष्टी जमाव्या लागतात.

काड्यांपासूनच सुरुवात करू. खराट्याचे हीर फुकट मिळतात, पण ते एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असतात. जाड भागाचेच दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि टोकं पॉलिश पेपरवर घासून घ्यावीत, नाहीतर पहिल्याच तासाला कोणाच्या तरी बोटात कूस जाते. आईस्क्रीमच्या काड्यांना पैसे पडतात, पण त्या सगळ्या सारख्या असतात, गडगडत नाहीत आणि ओल्या फडक्याने पुसता येतात. आगपेटीच्या काड्या गुल खरवडून काढले तरी सहा-सात वर्षांच्या बोटांना फार बारीक.

खरी गोची रबराची. वाण्याकडे मिळणारी पातळ रबरं उन्हाळा लागला की चिकट होतात आणि ओढली की तुटतात. शिवाय दहा काड्या एका मुठीत धरून दुसऱ्या हाताने रबराचे तीन वेढे घालणं पहिलीच्या मुलाला जमतच नाही. काड्या पसरतात, मूल रडकुंडीला येतं आणि गणित बाजूलाच राहतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कात्रीने अर्धा सेंटिमीटर रुंदीचे काप काढले की मजबूत कडी मिळतात. एक वेढा दिला तर ती सैल बसतात, दुहेरी दिला की दहा आईस्क्रीमच्या काड्यांना घट्ट धरतात. काप काढल्यावर ट्यूबच्या आतली पावडर धुऊन टाकायची, नाहीतर सगळ्यांचे हात आणि वह्या काळ्यापांढऱ्या होतात. पंक्चरवाल्याकडे अशा ट्यूब पडलेल्याच असतात.

आता खेळ. चार मुलांचा गट, मध्ये २०० सुट्या काड्या, वीस-बावीस कडी आणि दोन फासे. पाळीपाळीने फासे टाकायचे, दोन्हींची बेरीज होईल तितक्या काड्या उचलायच्या, आपल्याकडे दहा सुट्या झाल्या की गठ्ठा बांधायचा. ज्याचे पाच गठ्ठे आधी होतील तो जिंकला. एकाच फाशाने पन्नासला पोचायला साधारण पंधरा फेऱ्या लागतात, दोन फाशांनी सात-आठ. चौघांच्या मिळून तीसेक खेपा, एका खेपेला अर्धा मिनिट धरलं तर पंधरा मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मांडामांड, खेळ, आवराआवर आणि थोडं बोलणं बसून जातं. उत्साहाच्या भरात शंभरचं लक्ष्य ठेवलं की गटाला चारशे काड्या लागतात, आणि घंटा वाजते तेव्हा कोणीच शंभरला पोचलेलं नसतं.

बांधायला विसरणारी मुलं प्रत्येक गटात असतात. समोर चौदा-पंधरा सुट्या काड्या साचलेल्या, आणि लक्ष दुसऱ्याच्या फाशाकडे. त्यासाठी एक नियम पुरतो: तुझ्या दहा झाल्या आणि ते तुझ्याआधी दुसऱ्याच्या लक्षात आलं, तर तुझी एक पाळी गेली. मग प्रत्येक जण चौघांच्याही काड्या मोजत राहतो.

काही मुलं स्वतः बांधलेला गठ्ठाही पुन्हा पुन्हा मोजतात. एक, दोन, तीन... दहा, मग पुढचा गठ्ठा, अकरा, बारा. हे पाहून शिक्षकाला घाई होते, "अरे, दहाच आहेत त्यात!" असं तोंडातून निघून जातं. ते आवरावं. गठ्ठ्यात दहाच आहेत आणि न मोजताही दहाच राहणार, हा विश्वास मुलाच्या मनात अजून तयार होतोय, आणि तो सांगून तयार होत नाही. दोन-चार दिवसांनी मूल आपोआप मोजणं सोडतं. मात्र शिक्षकांनी आदल्या रात्री घरी बसून गठ्ठे बांधून आणले आणि त्यातल्या एकात नऊ निघाल्या, तर तो विश्वास पार उडतो. म्हणून तयार गठ्ठे मुळात आणूच नयेत.

मोजताना होणारी आणखी एक चूक नेमकी कानावर येते. समोर तीन गठ्ठे, दोन सुट्या. मूल बोट फिरवतं: दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. गाडी दहाच्या रुळावर लागली ती लागलीच. यावर समजावून सांगणं फारसं चालत नाही, थांबा चालतो. गठ्ठे संपले की हात उचलायचा, "तीस" म्हणून एक टाळी वाजवायची आणि मग सुट्यांवर बोट ठेवायचं. त्या टाळीत रूळ बदलतात.

एक गोष्ट प्रशिक्षणात सहसा कोणी सांगत नाही. गोल करून बसलेल्या गटात समोरच्या मुलाला सगळी मांडणी उलटी दिसते. माझ्या डावीकडचे तीन गठ्ठे त्याच्या उजवीकडे असतात. ३२ मांडलेले त्याला २३ दिसले तर त्यात त्याचं काय चुकलं? प्रत्येकापुढे आपापला कागद असावा, मधोमध उभी लाल रेघ, डावीकडे "दशक" आणि उजवीकडे "सुटे" लिहिलेलं. शिक्षकांनीही मुलासमोर न बसता त्याच्या शेजारी मांडी घालावी.

मराठीत या उलटसुलटीला भाषेचाही हातभार लागतो. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, वीस नंतर. ऐकलं तसं लिहिणारं मूल ७२ लिहितं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली "वीस सात" अशा वाचनाची जोड दिली गेली ती याच अडचणीसाठी. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर केवढा गदारोळ झाला, किती विनोद फिरले, ते सगळ्यांना आठवत असेल. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीच्या वर्गात सत्तावीस आणि बहात्तर यांची गल्लत रोज पाहिली होती, कोण जाणे. मला "वीस सात" हे काड्यांशी अगदी जुळणारं वाटतं: दोन गठ्ठे, सात सुट्या, आणि तोंडातून निघतं तेही त्याच क्रमाने. सत्तावीस तर हवंच, बाजारात आणि घरात तेच बोलायचंय. पण गठ्ठे मांडताना दोन्ही म्हणावं, आधी "वीस सात", मग "सत्तावीस".

जुन्या नावांत एक गंमत दडलीये, ती मात्र गठ्ठ्यानेच उघडते. एकोणतीस लिहायला सांगितलं की वर्गात तीन-चार वह्यांत हमखास ३९ निघतं, कारण कानाला "तीस" ऐकू आलेलं असतं. मुलांना तीन गठ्ठे घ्यायला लावा आणि एक काडी परत मागा. एक उणे तीस. गठ्ठा सुटतो, दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या उरतात. शब्दाने सांगितलेलं हातानेही सांगितलं. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास मुलं स्वतःच करून बघतात, एकोणनव्वदपर्यंत जातात आणि विचारतात, "बाई, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" याचं उत्तर तयार नसलं तरी बिघडत नाही.

आता मूळ वजाबाकी. ४३ मांडलेत: चार गठ्ठे, तीन सुट्या. सतरा काड्या शेजारच्याला द्यायच्यात. मूल तीन सुट्या उचलतं आणि हात थांबतो. अजून चार हव्यात, पण त्या बांधलेल्या आहेत. या थांबण्यासाठीच तर एवढा खटाटोप केलेला असतो. वहीवर हात कधी अडत नाही, तिथे सातातून तीन काढले तर कोणी हरकत घेत नाही. काड्या हरकत घेतात. इथे शिक्षकाने गप्प बसावं. निदान वीस सेकंद तरी, आणि वर्गात वीस सेकंद फार लांब वाटतात.

गप्प बसलात तर काय काय दिसतं! एक मूल कडी काढतं, दहा मोकळ्या करतं, त्यातून चार देतं आणि मग एक अख्खा गठ्ठा देतं. दुसरं सरळ दोन गठ्ठे पुढे करतं आणि म्हणतं, "यातल्या तीन परत दे." त्रेचाळीसातून वीस गेले, तीन आले, सव्वीस. ही रीत पुस्तकात नसेल, पण चोख आहे, आणि दुकानदार वर्षानुवर्षं सुटे पैसे असेच परत करत आलेत. तिसरं मूल जास्तच हुशार: कडी न काढताच गठ्ठ्यातून चार काड्या ओढून घेतं. आता सहा काड्यांवर कडी तशीच आहे आणि पुढच्या मोजणीला तो गठ्ठा दहाचा म्हणून मोजला जातो. उत्तर तीस येतं. म्हणून नियम असा: एक जरी काडी काढायची झाली तरी कडी आधी निघाली पाहिजे. अर्धवट गठ्ठा नावाची गोष्टच नाही.

लिहिणं याच्या बरोबरीने व्हावं, नंतर नाही. जोडीतला एक काड्या हलवतो, दुसरा लिहितो. गठ्ठा सुटला की लिहिणारा ४ वर काट मारून ३ करतो आणि ३ च्या जागी १३ लिहितो. मग त्या बारक्या १ ला समोर पडलेली कडी साक्ष असते. आठवडाभराने वहीत उभी रेघ म्हणजे गठ्ठा आणि टिंब म्हणजे सुटी काडी अशा खुणा चालतात. मूल कडीला हात न लावता "आता सोडला तर तेरा होतील" असं म्हणू लागलं की काड्या कपाटात. त्याआधी नाही, आणि त्यानंतर रेंगाळतही ठेवू नयेत. चौथीतलं मूल हातच्याला काड्या मागत असेल तर ती सवय आपण लावलेली असते.

दहा रुपयांच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी हे साहित्यही छानच, पण ते गठ्ठ्यांनंतर. नोटेच्या आत दहा नाणी दिसत नाहीत, नोट सोडून बघता येत नाही. तिथे दहाला एक म्हणायचं ते करार म्हणून. मणितारांच्या पाटीवरही तेच, दशकाच्या तारेवरचा मणी दिसायला सुट्याच्या मण्यासारखाच. ज्याने गठ्ठा शेकडो वेळा बांधला-सोडलाय त्याला हा करार पटतो. ज्याला थेट पाटीच मिळाली त्याला दशकाचा मणी म्हणजे आणखी एक मणी.

शंभराला काय करायचं? दहा गठ्ठ्यांचा भारा सुतळीने बांधावा आणि एकदा तरी प्रत्येकाच्या हातात द्यावा. जड लागतो. १०४ चे १००४ लिहिणाऱ्यांसाठी अंककार्डं करावीत: शतकाचं कार्ड बारा सेंटिमीटर रुंद, दशकाचं आठ, एककाचं चार, उंची सगळ्यांची सारखी. १०० च्या कार्डावर उजव्या कडेला ४ चं कार्ड ठेवलं की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि १०४ दिसतं. कार्डं डाव्या कडेला जुळवली तर ४०० दिसतं, आणि मुलं ते एकदा तरी करतातच.

इथे थोडं जमिनीवरच्या रंगकामाबद्दल बोलायला हवं. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शाळासुधार कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्याच्या आगेमागे साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. मुलं जमिनीवर गटागटाने बसून आपापलं काम करताहेत, शिक्षक मधून फिरताहेत, हे दृश्य खरोखर वेगळं होतं. तिथून परत आलेल्यांनी आपल्या वर्गात आधी काय केलं, तर फरशी रंगवली. संख्यारेषा, गोल, चौकटी, बाराखडीची फुलं. लोकवर्गणी जमली, ऑइलपेंट आला, फोटो निघाले. रंगवण्यात चूक काहीच नाही. पण १ ते १०० सगळे अंक लिहिलेली पट्टी मुलाला कुठेच अडवत नाही. ३७ वर उभं राहायला सांगितलं की मूल ३७ वाचून उभं राहतं, डोक्याला काम नाही. त्याच पट्टीवर फक्त दहा-दहाचे ठळक पट्टे ठेवा, मधल्या रेघा कोऱ्या. आता ३७ साठी मुलाला तीसवर जाऊन पुढे मोजावं लागतं, नाहीतर चाळीसवर जाऊन तीन मागे यावं लागतं. कोणी कुठून आलं ते बाहेरूनच दिसतं. रंगही कमी लागतो.

महागडं साधन आणि हाताशी असलेलं साधन हा वाद महाराष्ट्रात जुना. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा माँटेसोरींची आखीवरेखीव साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड घेतले. पुढे मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून आकार केले. ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे, त्यांत दोन्ही टोकांनी खोचलेल्या, गुल काढलेल्या काड्या, तिसरी काडी घालायची तर तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक. तिसरी-चौथीत अर्ध्या तासात त्रिकोण आणि चौकोन होतात. चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. चौकोन ताठ करायचा तर एक तिरपी काडी घालावी लागते आणि ती दाखवावी लागत नाही, मुलं घालतात. फक्त तिरपी काडी बाजूच्या काडीपेक्षा लांब लागते हे तेव्हाच लक्षात येतं, म्हणून झाडूचे हीर जवळ ठेवलेले बरे.

अपूर्णांकांना गोल भाकरीची चित्रं दाखवायची पद्धत आहे. भाकरीचे दोन आणि चार भाग ठीक होतात, तीन करायला गेलं की मोठ्या माणसाचाही हात चुकतो. पट्टी बरी. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या बरोबर सात पट्ट्या. लांबी २४ सेंटिमीटरवर कापून टाकायची. २४ का? कारण त्याचे २, ३, ४, ६, ८, १२ असे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरात पडतात. एक पट्टी अखंड, बाकी सहा या सहा भागांसाठी. एका मुलाला एक कागद, संपलं.

आधी घडी, मोजपट्टी नंतर. निम्मं, पाव, आठवा भाग घडीवर घडी घालून मिळतात. आठव्याला कागदाची जाडी आड येते आणि एखादा-दुसरा मिलिमीटर घसरतो, म्हणून पुठ्ठ्यासारखा कागद नको, साधा झेरॉक्सचा घ्यावा. एक तृतीयांशाला सगळ्यांचा हात अडतो. मुलं निम्मं करतात, पुन्हा निम्मं करतात, चार होतात, तीन होतच नाहीत. मग कोणीतरी पट्टी इंग्रजी एस सारखी वळवून, टोकं मागेपुढे सरकवून, तिन्ही थर सारखे आले की दाबतं. ते दाखवून देण्याचा मोह आवरावा, दहा मिनिटांत ते सापडतं. तृतीयांश सापडल्यावर सहावा आणि बारावा भाग सोपे.

मग विचारायचं, आठवा भाग मोठा की सहावा? वर्गाचा बराच भाग आठव्याच्या बाजूने असतो, आठ मोठे ना! तीन सेंटिमीटरचा तुकडा चार सेंटिमीटरच्या तुकड्यावर ठेवला की शांतता पसरते. जितके जास्त वाटेकरी तितका वाटा लहान, हे घरी भावंडं असलेल्या मुलांना चांगलं कळतं. फक्त ते गणितातही चालतं याचं त्यांना नवल वाटतं.

मराठीत अपूर्णांक बोलण्यात मुरलेले आहेत, याचा वर्गात फारच कमी उपयोग होतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीचे (औट म्हणजे साडेतीन) पाढे पाठ करायला लागत. ते परत आणा असं कोणी म्हणणार नाही. पण पट्ट्यांनी "पाऊण" करून दाखव म्हटलं की मूल पावाचे तीन तुकडे ओळीने ठेवतं, अठरा सेंटिमीटर. "सव्वा" म्हटलं की स्वतःच्या पट्ट्यांत तशी एकच पट्टी नाही हे लक्षात येऊन अखंड पट्टीला पाव जोडतं. "अडीच" म्हटलं की एकट्याला पट्ट्या जुळवताना ओढाताण होते, आणि वर्गात जोड्या जमू लागतात. मग फळ्यावर लिहावं: पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, अडीचशे. शंभराची पट्टी मनात धरून मुलं ७५, १२५, १५०, २५० सांगतात. घड्याळातलं पावणेपाच त्यानंतर घ्यावं, आधी नाही. पाच वाजायला पाव कमी, हे वाक्य पट्टी हाताळलेल्या मुलाला लगेच लागतं.

मोजपट्टीबाबत एकच सांगायचंय. तिसरीत लांबी मोजताना मुलं पट्टीची सुरुवात १ वरून करतात, आणि "शून्यावरून करायची" असं कितीही बजावलं तरी करतात. एक जुनी प्लास्टिकची पट्टी ३ वर तोडून द्यावी. शून्यच नाही. रेघ ३ पासून ८ पर्यंत आली, लांबी किती? "आठ" म्हणणाऱ्याला बोटाने एकेका सेंटिमीटरची उडी मारायला लावावी. पाच उड्या होतात. लांबी म्हणजे शेवटचा अंक नसून उड्या आहेत, हे तुटकी पट्टी धड पट्टीपेक्षा बरं शिकवते. तुटलेल्या टोकाला चिकटपट्टी लावायला विसरू नये.

विज्ञानातला असाच एक उपक्रम म्हणजे काठीची सावली, आणि तो जवळजवळ सगळीकडे चुकीचा केला जातो. पन्नास सेंटिमीटरची काठी वाळूच्या बादलीत ओळंब्याने सरळ उभी करायची, सावलीच्या टोकावर खडूने खुणा करायच्या. पुस्तकी समजूत अशी की बारा वाजता सावली सर्वांत लहान. मुलं बाराला खूण करतात, मग साडेबाराला करतात, आणि साडेबाराची सावली आखूड निघते. शिक्षक म्हणतात, काठी हलली असेल. काठी हललेली नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे, पुणे ७३.८ च्या आसपास. सूर्याला एक अंश पुढे सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे पुण्याची दुपार साधारण पस्तीस मिनिटं उशिरा. त्यात ऋतूनुसार पाव तासाचा फेर पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.२० च्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५० च्या आसपास.

पण नुसतं सर्वांत लहान सावलीच्या मागे लागून हे हाती येत नाही. दुपारच्या आसपास पाव तासात सावली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बदलते, आणि टोकाची कडाच चार-पाच मिलिमीटर पुसट असते. मुलं भांडत बसतात आणि दोघांचंही खरं असतं. त्यापेक्षा जुनी शंकूची, म्हणजे सावलीसाठी रोवलेल्या काठीची, रीत घ्यावी. अकराला सावलीच्या टोकावर खूण करायची, तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काठीच्या बुंध्याभोवती दोरी आणि खडूने काढायचं. यासाठी काठी बादलीऐवजी मैदानात रोवलेली बरी. सावली वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारी पुन्हा वर्तुळाला टेकते. अकरापासून २.३८ पर्यंत वेळ गेला असेल तर मध्य १२.४९, आणि दोन खुणांच्या बरोबर मधून काठीकडे ओढलेली रेघ उत्तर-दक्षिण. मोबाईलमधल्या होकायंत्राशी ताडून बघायला मुलांना फार आवडतं. शून्य सावलीच्या दिवसाचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पुण्या-मुंबईकडे तो मेच्या मध्याला येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैच्या अखेरीस परत येतो तेव्हा आभाळ भरलेलं.

चिंचोक्यांची आठवण ज्यांना येईल त्यांच्यासाठी: एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले दहा चिंचोके फेकले की दहाच्या जोड्या तयार होतात, सहा तपकिरी, चार पांढरे. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असं नाही, पण जोड्या शिकायला त्याने अडत नाही. घासताना तापलेला चिंचोका शेजारच्याच्या हाताला लावण्याचा उद्योग होणारच. पहिलीत मात्र चिंचोके नकोत, नाकात आणि कानात जातात. तिथे बाटल्यांची झाकणं घ्यावीत.

आणि आवराआवर. तास संपायला पाच मिनिटं असताना काड्या जमा करायच्या, तेही गठ्ठे बांधून, म्हणजे प्रत्येक गटाकडून वीस गठ्ठे यायला हवेत. शिक्षकांनी मोजू नयेत, गटाने मोजून सांगावेत. एक गट सांगतो, "एकोणीस गठ्ठे आणि सात सुट्या." मग किती कमी? मुलं डोळे मिटून पुटपुटतात, बोटं हलतात, "तीन!" आणि शोध सुरू होतो. एक फाशांच्या डबीत निघते, एक सतरंजीच्या घडीत. तिसरी बहुतेकदा कोणाच्या तरी कानामागे पेन्सिलीसारखी खोचलेली असते.